वामकुक्षी : लॅपटॉपला झोपवायचा अधिकार कोणाचा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढले आहेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.)

मागच्या भागाच्या शेवटी मी सांगितलं होतं की पुढचा भाग पानशेतच्या पुरावर, आणि तो माझ्या आजीच्या आवाजात. तो भाग आज येत नाहीये. का येत नाहीये, याचीच आजची गोष्ट आहे. तिचा शेवट सदाशिव पेठेत होतो, पण सुरुवात होते अमेरिकेत, १९९० च्या आसपास.

आधी काय झालं ते सांगतो. आजी १९६१ साली चौदा वर्षांची होती आणि नारायण पेठेत एका वाड्यात राहायची. १२ जुलै, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हे सगळं तिने मला एका शनिवारी संध्याकाळी सांगितलं, सलग चाळीस मिनिटं. तिला आता नावं आठवत नाहीत, कालचं जेवण आठवत नाही, पण त्या दिवशी मात्र सगळं लखलखीत आठवत होतं. मी यूएसबी माइक लावून लॅपटॉपवर रेकॉर्ड करत होतो. साडेसातला संपलं, तिचं जेवण व्हायचं होतं, मी झाकण बंद केलं आणि लॅपटॉप बॅगेत टाकला. बॅटरी ऐंशी टक्के होती.

रविवारी सकाळी बॅग उचलली तर पाठीला कोमट लागली. पेठेत मे महिन्यात सगळंच कोमट असतं, म्हणून सोडून दिलं. रात्री एडिटिंगला बसलो, तर मशीन मेलेलं. चार्जर लावून चालू केलं आणि पोटात गोळा आला. रेकॉर्डिंग मी स्वतः लिहिलेल्या एका छोट्या स्क्रिप्टने केलं होतं, आणि ती स्क्रिप्ट फाईल आधी 'टेम्प' फोल्डरमध्ये ठेवायची. माझ्या लिनक्सवर ते फोल्डर डिस्कवर नसतं, थेट रॅममध्ये असतं. वीज गेली, रॅम गेली, चाळीस मिनिटं गेली.

यात माझी चूक होती, ती मी आधीच कबूल करतो. पण झाकण बंद केलेला, 'झोपलेला' लॅपटॉप चौदा-पंधरा तासांत मरतोच कसा? माझा कॉलेजचा जुना लॅपटॉप झाकण बंद करून दोन-दोन दिवस पडून असायचा आणि उघडला की तिथेच सुरू व्हायचा. दहा वर्षांत मशीन पुढे गेली, मग झोप मागे कशी गेली?

बटण दाबलं की संपलं

आमच्या लहानपणी कॉम्प्युटर झोपायचा नाहीच. तो एकतर चालू असायचा किंवा बंद. विंडोज ९५ वाल्या जुन्या मशीनवर शटडाउन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सूचना यायची की आता तुम्ही सुरक्षितपणे बंद करू शकता. मग आपण हाताने बटण दाबायचं. कारण ते बटण खरोखरचं बटण होतं, घरातल्या ट्यूबलाइटसारखं, वीज तोडणारं. सॉफ्टवेअरला मशीन बंद करता यायचं नाही.

इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाची रचना आणली आणि ते बदललं. नव्या रचनेत बटण वीज तोडत नाही, फक्त विनंती करतं. मशीन 'बंद' असलं तरी मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते. पेठेतल्या घराघरांत मात्र शटडाउन झाल्यावर खाली वाकून भिंतीवरचं बटण बंद करण्याची पद्धत राहिली. आई अजून करते. नगर जिल्ह्यात मामाकडे तर लोडशेडिंगच हे काम करायचं, वेळापत्रकाप्रमाणे.

लॅपटॉपचं दुखणं वेगळं होतं. बॅटरी छोटी, आणि प्रत्येक वेळी बंद करून चालू करायला वेळ जाणार. मग कामात खंड पडला की मशीनने झोपावं, हा विचार आला. आणि पहिला प्रश्न उभा राहिला : झोप म्हणजे नक्की काय?

झोपेचे प्रकार

याला आपल्याकडे चांगले शब्द आहेत, म्हणून तेच वापरतो.

पहिला प्रकार गाढ झोप. प्रोसेसर बंद, स्क्रीन बंद, डिस्क बंद, सगळं बंद. फक्त रॅम जिवंत. रॅमला पूर्ण झोपता येत नाही, कारण तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका गळक्या भांड्यातला विजेचा थेंब असतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर उतरून जातो. एवढ्या कामाला वीज फार थोडी लागते. तांत्रिक भाषेत ही एस-थ्री अवस्था.

दुसरा प्रकार गावाला जाणं. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहायचं, घराला कुलूप लावायचं आणि वीज पूर्ण तोडायची. हे हायबरनेट, म्हणजे एस-फोर. परत यायला वेळ लागतो, पण महिनाभर गेलात तरी सामान जागेवर.

तिसरा प्रकार वामकुक्षी. जेवण झालं, डाव्या कुशीवर पडलंय, डोळे मिटलेत, पण दारावर कोण आलं ते कळतंय. आजीला दुपारी विचारलं, "झोपली होतीस का?" तर तिचं ठरलेलं उत्तर, "छे रे, नुसती पडले होते." तांत्रिकदृष्ट्या मशीन एस-झीरोमध्ये, म्हणजे जागंच. फक्त प्रत्येक भाग आपापल्या परीने शांत झालेला.

आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपची झोप ही वामकुक्षी आहे. गाढ झोप गेली कुठे, ते पुढे येतं. तोवर एवढं लक्षात ठेवा की या सगळ्या इतिहासात भांडण एकाच गोष्टीचं आहे : मशीनला झोपवायचा अधिकार कोणाचा?

पहिला मालक : बायोस

१९९० साली इंटेलने लॅपटॉपसाठी ३८६एसएल नावाचा प्रोसेसर काढला. त्यात एक गुप्त खोली होती, तिला सिस्टिम मॅनेजमेंट मोड म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम चालू असतानाच प्रोसेसर हळूच त्या खोलीत जातो, तिथला कोड चालवतो आणि परत येतो. ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताच लागत नाही. मशीनचं तापमान, वीज, बॅटरी यांची कामं तिथे होऊ लागली.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम, म्हणजे ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट, हे मानक आणलं. यात निर्णय मुख्यतः बायोसचा. कीबोर्डवर इतकी मिनिटं हालचाल नाही ना, मग झोपवा. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 'एनर्जी स्टार' योजना सुरू केली, आणि १९९३ मध्ये तिथल्या सरकारने स्वतःच्या खरेदीत अशाच संगणकांना पसंती द्यायचं ठरवलं. सरकार हे केवढं मोठं गिऱ्हाईक! मग वीज वाचवणं हा डेस्कटॉपवाल्यांसाठीही धंद्याचा प्रश्न झाला.

अडचण अशी की बायोसला माणूस काय करतोय हे कळत नाही. तुम्ही कीबोर्डला हात न लावता मोठी फाईल कॉपी करत असाल, तर त्याला वाटणार मालक उठून गेले. बाहेरून लावलेलं नवं कार्डही त्याच्या ओळखीचं नसणार. शिवाय प्रत्येक कंपनीचा बायोस वेगळा आणि प्रत्येकाच्या चुका वेगळ्या. घरमालक परगावी राहतो आणि तिथून फोनवर सांगतो, आता दिवे मालवा. तशातला प्रकार.

याच काळात ॲपलच्या पॉवरबुकची झोप मात्र चांगली असायची. त्यात जादू नव्हती. मशीन आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकाच कंपनीची होती. घर आणि घरमालक एकाच छपराखाली.

दुसरा मालक : ऑपरेटिंग सिस्टिम

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एस-थ्री, एस-फोर ही नावं तिथली. मूळ कल्पना सरळ आणि चांगली होती. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिम घेईल, कारण माणूस काय करतोय हे तिला माहीत असतं. मशीन बनवणाऱ्याने फक्त एक तक्ता द्यायचा : या मशीनमध्ये काय काय आहे आणि ते कसं झोपवायचं.

गोम त्या तक्त्यात आहे. तो नुसता तक्ता नसतो, तो कोड असतो. मशीन बनवणारा एका खास भाषेत सूचना लिहितो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्या चालवते. म्हणजे अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमचा, पण झोपवायचा मंत्र लिहिणारा अजूनही कंपनीतलाच कोणीतरी. आणि तो कोड तपासायचा कशावर? विंडोजवर. विंडोजवर चाललं की डबा पॅक.

इथे एक ऐकण्यासारखी गोष्ट आहे. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या लोकांना एक छोटा ईमेल लिहिला. पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खटल्यात तो पुरावा म्हणून बाहेर आला. त्याचा आशय असा की, एसीपीआयची मेहनत आपण करायची, भागीदारांकडून करून घ्यायची आणि लिनक्स मात्र फुकटात छान चालणार, हे काही बरं नाही. हे विस्तार विंडोजपुरते ठेवता येतील का, असा विचार त्यात होता. लिनक्सवाल्यांना हा ईमेल तोंडपाठ असतो. पण माझं मत सांगतो. एसीपीआय खुलंच राहिलं, आणि २०१३ मध्ये ते यूईएफआय फोरम या सामायिक संस्थेकडे गेलं. लिनक्सची झोप बिघडायला कटकारस्थानाची गरजच नव्हती. दुसऱ्या कशावर तपासूनच पाहायचं नाही, एवढं पुरेसं होतं.

याचा परिणाम मजेशीर आहे. कंपनीचा तो कोड सुरुवातीला विचारतो, तू कोण? विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का? लिनक्स उत्तर देतं, हो, मी तीच. आणि 'तू लिनक्स आहेस का' असं विचारलं तर उत्तर देतं, नाही. कारण खरं सांगितलं तर मशीन अशा वाटेने जायचं जी कोणी कधी तपासलेलीच नसायची. पाहुण्यांकडे नीट जेवायला मिळावं म्हणून खोटं आडनाव सांगण्यासारखं हे.

तरीही २००५ ते २०१५ या काळात, हजारो लोकांनी एकेका मॉडेलची खोड शोधून काढल्यावर, एस-थ्री झोप चांगली बसली. माझा कॉलेजचा लॅपटॉप या काळातला. आणि नेमकी घडी बसल्यावर ती मोडली.

तिसरा मालक : सगळेच, म्हणजे कोणीच नाही

२००७ मध्ये आयफोन आला, २०१० मध्ये आयपॅड. बटण दाबलं की क्षणात चालू, आणि खिशात असतानाही मेल येतोय. लोक विचारू लागले, फोनला जमतं ते लॅपटॉपला का नाही? २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'कनेक्टेड स्टँडबाय' आलं. २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये त्याचंच 'मॉडर्न स्टँडबाय' झालं. प्रोसेसरमध्येही त्यासाठी नव्या खोल अवस्था आल्या. लिनक्समध्येही २०१३ पासून याच धर्तीची झोप आहे. हीच ती वामकुक्षी.

ही नीट लागली तर खरंच छान असते, गाढ झोपेइतकीच कमी वीज घेते. पण तिची अट कडक आहे. एस-थ्रीमध्ये एका आदेशाने बहुतेक भागांची वीजच तुटायची. इथे तसा आदेश नाही. प्रत्येक भागाने स्वतःहून झोपायचं. डिस्क, वायफाय, ग्राफिक्स, यूएसबी, साउंड, सगळे. आणि सगळे झोपले तरच प्रोसेसर शेवटच्या पायरीवर उतरणार. एक जरी जागा राहिला, तर सगळं घर अर्धवट जागं.

आजीने मला त्याच चाळीस मिनिटांत सांगितलं होतं की वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री लावायचा असायचा, पण शेवटचा भाडेकरू आत आल्याशिवाय अडसर घालता यायचा नाही. कोणाचा तरी मुलगा सिनेमाला गेलेला असायचा आणि दाराशी एक जण कंदील घेऊन बसलेला असायचा. माझ्या लॅपटॉपमध्ये तो सिनेमाला गेलेला मुलगा कोण, एवढंच शोधायचं होतं.

शोध

आधी पाहिलं की मशीनला कोणती झोप येते. लिनक्समध्ये मेम-स्लीप नावाची एक छोटी फाईल असते, तिच्यात पर्याय लिहिलेले असतात. 'डीप' दिसलं तर एस-थ्री आहे. माझ्याकडे एकच पर्याय होता, वामकुक्षीचा. बायोसमध्ये बदलायची सोय नव्हती. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर सांगितलं, "सर, बॅगेत ठेवण्याआधी शटडाउन करत जा, ते नॉर्मल आहे." कंपनीचं नाव घेत नाही. हे एका कंपनीपुरतं नाहीच, गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमधून एस-थ्री काढूनच टाकली आहे.

मग मोजमाप. रात्री झाकण लावलं, आठ तासांनी उघडलं. ४६ टक्के बॅटरी गेली होती. शनिवारच्या ऐंशी टक्क्यांचा हिशोब जुळला.

पहिला संशय माउसवर. त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबीमध्येच राहिला होता. यूएसबी उपकरण झोपलेल्या मशीनला जागं करू शकतं, ती सोय मानकातच आहे. बॅगेत माउस दाबला जात असेल, असं वाटलं. जाता जाता, यूएसबी घडवणाऱ्यांमधलं एक महत्त्वाचं नाव अजय भट्ट. शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, मग इंटेल. यूएसबीची पहिली आवृत्तीही १९९६ चीच, एसीपीआयच्या वर्षातली. पण त्या रात्री दोष यूएसबीचा नव्हता. रिसीव्हर काढून पुन्हा रात्र काढली, ४५ टक्के गेले. म्हणजे मशीन मधेच उठत नव्हतं. ते झोपतच नव्हतं.

मग कर्नलमधला एक आकडा पाहिला. झोपेत असताना प्रोसेसरने सर्वांत खालच्या अवस्थेत किती मायक्रोसेकंद घालवले, ते त्यात मोजलेलं असतं. आठ तासांच्या झोपेनंतर आकडा होता ० . एक मायक्रोसेकंदही नाही.

पुढचे चार दिवस एकेक भाग काढत गेलो. वायफाय बंद करून झोपवलं, शून्य. ब्लूटूथ बंद, शून्य. आणि मग बाजूच्या खाचेत बोट लागलं. तिथे एसडी कार्ड होतं. भागाच्या मुखपृष्ठासाठी आजीचे जुने फोटो कॅमेऱ्याने काढले होते, ते कार्ड मी त्या शनिवारपासून तिथेच विसरलो होतो. कार्ड काढलं, दहा मिनिटं झोपवलं, उठवलं. आकडा हलला होता. रात्रभर ठेवलं, पाच टक्के गेले. कार्ड आत असलं की कार्ड रीडर झोपत नव्हता, आणि त्याच्यासाठी अख्खा वाडा कंदील लावून बसत होता.

आता करायचं काय

ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा त्रास असेल, म्हणून थोडक्यात.

विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पॉवर-सीएफजी या कमांडला 'ए' हा पर्याय द्या, तुमच्या मशीनला कोणकोणत्या झोपा येतात ते कळेल. मॉडर्न स्टँडबायचं मशीन असेल तर 'स्लीपस्टडी' पर्याय द्या. प्रत्येक झोपेत किती बॅटरी गेली आणि कोण जागं होतं, याचा अहवाल तयार होतो. लिनक्स असेल तर मी सांगितला तो आकडा पाहा. आकडा शून्य असेल तर एकेक उपकरण काढत जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशाने सुटलं ते कळत नाही.

हायबरनेट चालू करून ठेवा. काही वेळ झोपल्यावर मशीन आपणहून गावाला जाईल अशी सोय दोन्हीकडे आहे. मी ती केलीच नव्हती, कारण १६ जीबी रॅम असताना डिस्कवर स्वॅपची जागा कशाला वाया घालवा, असा माझा तोरा होता. आणि बॅगेत ठेवताना शटडाउन करा, हा सर्व्हिस सेंटरचा सल्ला मीही आता पाळतो. राग येतो, पण पाळतो.

कारण हा सगळा इतिहास पाहिला तर अधिकार बायोसकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला, तिथून सगळ्या भागांत वाटला गेला. झाकण बंद करणाऱ्या माणसाकडे तो कधी आलाच नाही. आपण झाकण बंद करतो तो आदेश आहे असं आपल्याला वाटतं. मशीनच्या लेखी ती विनंती असते.

आणि आजी

शेवटी आजीला सांगावं लागलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "अरे मग काय झालं? परत सांगते की."

परवा आम्ही पुन्हा बसलो. यावेळी फाईल थेट डिस्कवर, शिवाय बाजूला फोनही रेकॉर्डिंगला. आजीने अकरा मिनिटांत संपवलं. धरण फुटलं, आम्ही पर्वतीकडे गेलो, परत आलो तर घर नव्हतं. मी विचारत राहिलो, आजी, तू शेजारच्या काकूंचं सांगत होतीस ना, त्या पाटा-वरवंटा घेऊन निघाल्या होत्या ते? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "कोण काकू? तुला कोणी सांगितलं हे?"

मी म्हटलं, तूच. तिला ते पटलं नाही.

पाटा-वरवंटा आता फक्त माझ्या आठवणीत आहे, आणि या भागात. कंदिलाचंही तसंच. म्हणून पुराचा भाग अकरा मिनिटांचा येईल, पुढच्या आठवड्यात, आणि त्यात आजीचं झालं की मला जे आठवतंय ते मी माझ्या आवाजात सांगेन. आठवण माझी आहे, तिची नाही, हेही तिथे सांगेन.

तुमच्या घरी असं कोणी सांगणारं असेल तर आज रेकॉर्ड करा. आणि सेव्ह झालंय ना ते बघून मगच झाकण लावा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.